तळहातावरची टॅक्सी

मोटारगाडी जुनी झाली की लहान होत जाते, आणि केरू उतेकराची ॲम्बॅसिडर टॅक्सी त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत त्याच्या तळहातावर मावेल एवढी झाली होती.

यात कुणी नवल करायचं कारण नाही. माणूस म्हातारपणी वाकतो, गाडी आक्रसते. चालती गाडी सावकाश आक्रसते, उभी गाडी भराभर. पूर्वी संस्थानिकांनी विलायतेहून लांबलचक गाड्या आणल्या, दसऱ्याला एकदा बाहेर काढल्या आणि वर्षभर मोटारखान्यात झाकून ठेवल्या. त्या गाड्या मालकांच्या डोळ्यांदेखत वीतभर झाल्या. मग वाड्यावरच्या पोरांनी त्यांना दोऱ्या बांधून अंगणातून ओढल्या, आणि तेव्हापासून लहान गाडी हे पोरांचं खेळणं झालं. पुढे शहाण्या माणसांना त्यात किंमत दिसली. त्यांनी त्या पोरांच्या हातातून काढल्या आणि काचेच्या कपाटात नेऊन ठेवल्या. शहाण्या माणसांचं असंच असतं. दुसऱ्याचं खेळणं बघवत नाही.

केरूची गाडी उभ्या जन्मात कधी झाकली गेली नव्हती. दांडेमाळ हे थंड हवेचं ठिकाण, तिथल्या टॅक्सी स्टँडवर तिचा सात नंबर. स्टँडवर गाड्या रांगेनं लागतात, पुढची भरली की मागची पुढे सरकते, आणि ट्रिप करून आलेली गाडी शेवटी लागते. ज्याच्या गाडीला नंबर आहे त्यानं किंवा पॅसेंजरनंच वडाखालच्या कट्ट्यावर बसायचं, ही तिथली रीत. केरूला स्टँडवर केरू कुणी म्हणत नसे. बरोबरीचे सात नंबर म्हणायचे, धाकटे तात्या म्हणायचे.

गाडी आक्रसायला लागली तेव्हा मागच्या सीटवर तीन बसायचे ते दोनच मावू लागले. केरूनं त्याचा दोष माणसांना दिला.

"हल्लीची माणसंच फुगलीत," तो म्हणायचा. "शेव खातात दिवसभर."

मग त्याचेच गुडघे कानाला लागायला लागले. तरी त्यानं दोन सीझन काढले. नंतर तो टपावर बसून, खिडकीतून हात घालून स्टेअरिंग फिरवायचा, आणि आत एखादा किडकिडीत पॅसेंजर पाय पोटाशी घेऊन बसायचा. त्याच्याकडून केरू पूर्ण गाडीचं भाडं घ्यायचा, कारण पूर्ण गाडी त्यानं एकट्यानंच भरलेली असायची.

तेवढ्यावर निभावलंही असतं, पण त्या वर्षीच्या पावसाळ्यात केरू शेवाळावरून घसरला आणि त्याचा पाय मोडला. गाडी सगळा पावसाळा उभी राहिली. केरू खाटेवर, गाडी पडवीत. त्याची बायको चांगुणा रोज फडक्यानं गाडी पुसायची आणि आत येऊन खबर सांगायची.

"आज पाटाएवढी झालीया."

केरू भिंतीकडे तोंड करायचा.

"आज तांब्याच्या उंचीची."

"सांगू नको म्हणलं ना!"

एके दिवशी ती काही बोलली नाही. चहाच्या बशीत गाडी घालून आणली आणि त्याच्या उशाशी ठेवली. केरूनं कान लावला. इंजिन मांजराच्या पिल्लासारखं घुरघुरत होतं. त्यानं चांगुणेला औषधाच्या बाटलीतला थेंब टाकायचा ड्रॉपर धुऊन आणायला सांगितलं, पेट्रोल पाजायला.

दिवाळीचा सीझन सुरू झाला तसा केरू काठी टेकत स्टँडवर गेला आणि गाडी रांगेत लावली. पुढे एक मोठी पांढरी गाडी, मागे एक मोठी पांढरी गाडी, मध्ये सात नंबर. कुणाचा पाय पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना एकेक वीट. रांग पुढे सरकली की केरू उठायचा, विटा उचलायचा, गाडी उचलायचा आणि पुन्हा सगळं नीट मांडायचा.

तिचा नंबर आला की प्रवासी वाकून बघायचे.

"काका, केवढ्याला?"

"विकायची न्हाई. बसायची हाय."

"अहो, पण बसायचं कसं?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी डायवर हाय."

प्रवासी हसायचे आणि मागच्या गाडीत बसायचे.

स्टँडच्या संघटनेचा सेक्रेटरी श्रीपती सणस हा नव्या पिढीचा माणूस. वाईट नव्हता, पण त्याला नियम फार. तो कट्ट्यापाशी येऊन उभ्यानंच बोलला.

"तात्या, नंबर माणसं नेणाऱ्या गाडीला असतो. अख्ख्या सीझनमध्ये एकही पॅसेंजर न बसलेली गाडी आपण रांगेत धरत नाही. मीटिंगमध्ये ठरलंय."

"मी हुतो का मीटिंगला?"

"तुमचा पाय मोडला होता."

"मग पाय बरा हुईस्तवर थांबायचं."

"आज सीझनचा शेवटचा दिवस आहे, तात्या. दिवे लागेपर्यंत एक ट्रिप झाली तर झाली. नाहीतर नंबर कापावा लागेल."

नंबर गेला म्हणजे कट्टा गेला. कट्टा गेला म्हणजे सकाळी उठून जायला ठिकाण नाही. घरी बसून म्हातारा माणूस काय करतो? डब्यांची झाकणं नीट लागलीत का ते बघतो आणि बायकोला बोलतो. केरूला ते दिसत होतं, आणि त्याला ते नको होतं.

आणखी एक माणूस दिवे लागायची वाट बघत होता. पुण्याचे घारपुरे. बँकेतून रिटायर झालेले, लहान गाड्यांचे संग्राहक, घरात चार भिंतींना चार कपाटं. हॉटेलात उतरले होते आणि दिवसातून दोनदा भिंग घेऊन गाडी बघून जात. आजही आले, गुडघ्यावर बसले, आणि विटांच्या मधून बघू लागले.

"मी स्पष्ट सांगतो, उतेकर," ते म्हणाले. "आपली गाडी वापरलेली आहे. पत्र्याला पोचा आहे, रंग उडालाय. आमच्यात खरा मान डब्यासकट गाडीला."

"डबा कुठला?"

"म्हणजे असं, की गाडी घेतल्यापासून गॅरेजमधून बाहेरच काढली नाही, तर गाडीबरोबर गॅरेजही आक्रसतं. तोच डबा. माझ्याकडे एका संस्थानिकांची हिरवी गाडी आहे, मोटारखान्यासकट. दाराला कुलूप आहे. आत गाडी आहे."

"बघितली का उघडून?"

"छे छे! उघडली की किंमत गेली."

केरूनं त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग पलीकडे तोंड करून थुंकला.

"पण टॅक्सी मिळत नाही हो," घारपुऱ्यांनी हट्ट सोडला नाही. "टॅक्सी एवढी होईपर्यंत कुणी सांभाळत नाही, आधीच भंगारात घालतात. आणि आपल्या मागच्या सीटखाली लोकांनी विसरलेल्या वस्तू आहेत. छत्री आहे, लहान मुलाचा एक बूट आहे, मी भिंगातून पाहिला. मी चांगलं कपाट देईन. ऊन लागणार नाही, धूळ लागणार नाही, कुणाचा हात लागणार नाही."

"नंबर कापला तर घेऊन जावा," केरू म्हणाला. "नंबर न्हाई तर मला ती कशाला? पर दिवं लागल्यावर. आता ती रांगत हाय."

घारपुरे उठले, गुडघे झटकले आणि कापूस घातलेली एक पेटी मांडीवर घेऊन चहाच्या टपरीवर जाऊन बसले.

दुपार कलली तशी चांगुणा भाकरी घेऊन आली. रोज यायची. भाकरी द्यायची, केरू जेवेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभी राहायची आणि रिकामं फडकं घेऊन परत जायची. कट्ट्यावर ती कधी बसली नाही, आणि गाडीत तर कधीच नाही. दांडेमाळच्या स्टँडवर पहिल्यापासून समज, की धंद्याच्या गाडीत घरचं माणूस बसलं की बरकत जाते. त्यामुळे केरूनं सगळ्या मुलखाला सगळे पॉइंट दाखवले आणि चांगुणा माहेरी एसटीनं जात राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सूर्यास्ताचा पॉइंट तिनं पाहिला नव्हता. तो गावापासून कोसभरही लांब नव्हता.

आज केरूनं भाकरी मोडलीच नाही. काय ते तिला कळलं. ती विटांपाशी आली, खाली वाकली आणि म्हणाली, "मी बसते."

"काय?"

"पॅसेंजर पाहिजे ना? मी बसते. भाडं देते की. अंड्यांचं पैसं हायती माझ्याकडं."

"चांगुणे, येडी का खुळी तू? बसणार कुठं? तुझं एक बोट मावंल आत."

"मग बोट बसंल."

कट्ट्यावरचे सगळे ड्रायव्हर खाली उतरले. श्रीपती सणसाला बोलावणं गेलं. त्यानं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं.

"काकी, बोट म्हणजे पॅसेंजर नाही."

तेव्हा इब्राहीम मुजावर पुढे झाला. इब्राहीम स्टँडवरचा सगळ्यात जुना माणूस, तीन नंबर. पूर्वी तो घाटात वडापची जीप चालवायचा, माणसं कोंबून, सीटमागं भाडं घेऊन.

"श्रीपती, तू माझ्या जीपला लटकून कालेजला जायचास. आठवतंय?"

"त्याचं इथं काय?"

"तुझा एक पाय आत असायचा. बाकीचा सगळा श्रीपती बाहेर हवेत. मी भाडं कितीचं घेत हुतो?"

श्रीपतीनं वडाकडे बघितलं.

"बोल की."

"पूर्ण सीटचं."

"का घेत हुतो?"

"अंगाचा कुठलाही भाग आत असला की सीट धरली जाते, असं तुम्हीच म्हणायचात, चाचा."

"मग काकीचं बोट काय अंगाबाहेरचं हाय?"

श्रीपतीनं विचार केला. तो खरोखरच विचार करत होता, उगाच आडवं लावत नव्हता. "पण गाडी चाकांवर चालली पाहिजे," तो म्हणाला. "तात्या तर ती हातावर घेऊन जाणार."

"चाकाखाली रस्ता पाहिजे, असं कुठं ठरलंय? मागं घाटात बंद पडलेल्या गाड्या लॉरीवर चढवून आणल्या, तवा आतल्या माणसांनी भाडं दिलंच की. आता चाकाखाली हात हाय. एवढाच फरक."

श्रीपतीनं बाकीच्यांकडे बघितलं. कुणी नाही म्हणेना. "बरं," तो म्हणाला. "पॅसेंजर कबूल. पण दिवे लागायच्या आत परत."

केरूनं विटा बाजूला केल्या, गाडी डाव्या तळहातावर घेतली आणि उजव्या हाताच्या नखानं मागचं दार उघडलं. चांगुणेनं करंगळी पदराला पुसली आणि आत घातली. सीट मऊ लागली. "उन्हानं तापलीया," ती म्हणाली.

"दार लाव."

"लागत न्हाई. बोट मधी येतंय."

"मग धरून बस. वळणाला हिसका बसंल."

निघाले. आणि निघाल्यावर दोघांच्या ध्यानात आलं की असं चालणं सोपं नाही. जन्मभर केरू पुढे आणि चांगुणा दहा पावलं मागे, अशी त्यांची चाल. आता करंगळी गाडीत आणि गाडी तळहातात, म्हणजे खांद्याला खांदा लावून, एका पावलानं चालायला हवं. हाताला हात लागत होता. बाजारपेठेतून जाताना केरूची मान आखडली. पण तो ड्रायव्हर होता आणि ती पॅसेंजर होती, त्यामुळे कुणाला बोलायला जागा नव्हती.

"आवं, हळू चालवा," चांगुणा म्हणाली. "पोटात ढवळतंय."

"घाट हाय. खिडकीतनं लांब बघ, म्हंजी बरं वाटंल."

ती लांब बघू लागली. वळण आलं की केरू नखानं हॉर्न दाबायचा. हॉर्न चिलटासारखा वाजायचा. समोरून येणारी एक बस मात्र थांबली आणि तिनं वाट दिली. चढाची गाडी आधी, हा घाटातला नियम आहे.

एका वळणाला केरू सवयीनं थांबला आणि पॅसेंजरला सांगायच्या आवाजात म्हणाला, "हा इको पॉइंट. हितं दरीत नाव घेतलं की नाव परत येतं. लोक आपापलं नाव घेतात."

"माझं मी कशाला घेऊ?"

"मग दुसऱ्या कुणाचं घे. लवकर घे."

चांगुणा दरीकडे बघत उभी राहिली. कुणाचं नाव घ्यावंसं तिला वाटत होतं ते उघड होतं, पण नवऱ्याचं नाव तिनं लग्नातल्या उखाण्यानंतर तोंडातून काढलं नव्हतं, आणि आता उतारवयात काढणारही नव्हती. तिनं घसा साफ केला आणि मोठ्यानं ओरडली, "सात नंबर!"

दरी म्हणाली, सात नंबर. पलीकडचा कडा म्हणाला, सात नंबर. मग आणखी कुठूनतरी बारीक आवाज आला, नंबर.

केरूच्या तळहाताला घाम आला होता आणि गाडी जरा सरकली होती. त्यानं ती नीट धरली.

सूर्यास्ताच्या पॉइंटवर ते पोचले तेव्हा सूर्य डोंगराच्या हातभर वर होता. कठड्याला माणसं लागली होती. केरूनं जागा करून घेतली. "पॅसेंजर हाय, पॅसेंजर हाय," म्हणत त्यानं दोन जोडप्यांना बाजूला सारलं आणि चांगुणेला पुढे केलं. मग त्यानं सूर्याकडे बघितलं आणि हिशेब केला. आत्ता वळलं तर दिव्याच्या आत स्टँड.

"बघितलास? चल."

"अजून बुडला कुठं?"

"बुडायचाच हाय. रोज बुडतो. चल, नंबर जाईल."

चांगुणेनं त्याच्याकडे तोंड केलं. रागानं नाही, नुसतं विचारलं. "बाकीच्या पॅसेंजरला बी असंच उठवता का वो?"

केरू उठवत नसे. स्टँडवर त्याची तीच ख्याती होती. सूर्य पूर्ण बुडेपर्यंत, आणि बुडाल्यावरही माणसं उठेपर्यंत, सात नंबर थांबतो. तो स्वतः तेवढा वेळ सूर्याकडे पाठ करून गाडीपाशी उभा राहायचा, कारण तिथली माकडं वायपर उपटतात.

"न्हाई उठवत," तो म्हणाला.

"मग?"

केरूला वडाखालचा कट्टा दिसला, टपरीवर बसलेले घारपुरे दिसले, त्यांच्या मांडीवरची कापसाची पेटी दिसली. मग तो कठड्यावर बसला. करंगळी गाडीत असल्यामुळे चांगुणेलाही बसावं लागलं. सूर्य तांबडा झाला, चपटा झाला, डोंगराला टेकला. एक माकड कठड्यावरून जवळ आलं आणि त्यानं गाडीच्या वायपरकडे बघितलं. केरूनं त्याच्याकडे असं बघितलं की ते उठून गेलं.

सूर्य गेला. माणसं गेली. चांगुणा काही उठली नाही.

"आता काय बघतीस?"

"हितं काय काय हुतं ते बघते. तुम्ही रोज बघत हुता."

"मी बघितलं न्हाई."

"मग आता बघा."

दोघं बसून राहिले. हवेत गारवा आला तसा केरूनं मफलर काढून तिच्या खांद्यावर टाकला, एका हातानं, कारण दुसरा हात कामात होता.

स्टँडवर आले तेव्हा दिवा लागून गेला होता. श्रीपती दिव्याखाली उभा होता, इब्राहीम कट्ट्यावर होता आणि घारपुरे पेटी उघडून तयार होते.

"तात्या," श्रीपती म्हणाला, "मी थांबलो होतो. पण दिवा लागला."

"दिसतोय."

"मला वाईट वाटतंय."

"तुझा काय दोष? पॅसेंजरला सूर्य बघायचा हुता." केरूनं गाडीकडे बघितलं. "काप नंबर. घारपुरे, आणा पेटी."

घारपुरे पुढे झाले. त्यांनी भिंग लावलं, मग संकोचून म्हणाले, "वहिनी, बोट काढता का?"

तेव्हा इब्राहीम कट्ट्यावरून म्हणाला, "श्रीपती, ट्रिपवर असलेल्या गाडीचा नंबर कापता येतो का रं?"

"नाही. ट्रिप संपल्याशिवाय कापता येत नाही."

"आन ट्रिप कवा संपती?"

"पॅसेंजर उतरला की."

सगळ्यांनी चांगुणेकडे बघितलं. चांगुणा दिव्याकडे बघत होती.

"उतरा काकी," श्रीपती म्हणाला. "स्टँड आला."

"मला स्टँडला सोडा, असं मी म्हणलं हुतं का?"

श्रीपतीनं केरूकडे बघितलं. केरू आठवू लागला. चढताना ती पोटात ढवळतंय म्हणाली होती. सीट तापलीय म्हणाली होती. कुठे सोडायचं ते म्हणाली नव्हती, आणि त्यानंही विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत अशी चूक त्याच्याकडून पहिल्यांदाच झाली होती.

"मग कुठं सोडायचं तुला?" त्यानं विचारलं.

"ते सांगन की मी," चांगुणा म्हणाली. "अजून ठरलं न्हाई."

श्रीपतीनं खिशातून किल्ल्या काढल्या, मोटरसायकल सुरू केली आणि म्हणाला, "सात नंबर ट्रिपवर आहे." आणि घरी गेला.

त्या गोष्टीला आता बरेच सीझन झाले. चांगुणा अजून उतरलेली नाही. भाकरी ती एका हातानं थापते, आणि दुसऱ्या हाताच्या करंगळीपाशी केरू गाडी धरून चुलीजवळ बसतो. पीठ जास्त झालं, पाणी कमी झालं असं सांगत असतो, आणि ती त्याला ड्रायव्हरनं मागं वळून बोलू नये असं सांगते. सकाळी दोघं स्टँडवर जातात. केरू कट्ट्यावर बसतो, आणि पॅसेंजरला बसायला मनाई नसल्यामुळे चांगुणाही बसते. तिच्या माहेरी ते जाऊन आले, घाट उतरून, दोन मुक्काम करून. सगळे पॉइंट झाले. काही पॉइंट दोनदा झाले.

घारपुरे दर दिवाळीला येतात. पेटी बरोबर असते, कापूस बदललेला असतो. ते लांबूनच विचारतात, "काय उतेकर, गाडी खाली झाली का?"

"न्हाई," केरू म्हणतो. "पॅसेंजर हाय."